भाकर मागून दाखव

आधी गंगव्वाचं नाव लिहिते. घाण नंतर.

गंगव्वा परटीण. बेळगावात रेल्वे फाटकापलीकडं तिची एक खोली. बोलणं कानडी, मराठी तोडकंमोडकं. निपाणीकडच्या माझ्या खेड्यातून मी गाठोडं घेऊन तिथं पोचले, तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. तिनं जात विचारली. महाराची म्हणून सांगितलं आणि आपोआप मागं सरकले. ती म्हणाली, "आत ये. इस्त्रीला हात लावू नको, भाजंल." एवढीच तिची शिवाशिव.

तिच्या शब्दावर मला टिळकवाडीत रावसाहेबांच्या बंगल्यावर काम मिळालं. त्यांचे कपडे तिच्याकडं यायचे. रावसाहेब शाळाखात्यातून पेन्शनीत निघालेले. मी बाहेरचं अंगण झाडायचं आणि गोठ्याची मोरी भिंतीबाहेरून उपसायची. पायरी चढायची नाही. काम जाईल ह्या धास्तीनं मी श्वासही जपून घ्यायची. उपकारच वाटायचे.

एका सकाळी रावसाहेबांनी हाक मारली. "ए, इकडं ये. तोंड धुतलंयस का?"

"व्हय जी."

"मग उघड. आ कर."

पायरीखाली एक गोरा साहेब उभा होता. हातात चमचा आणि लहानसा आरसा. त्यानं चमच्यानं माझी जीभ दाबली, आरशातून ऊन पाडून टाळू बघितली, दात बघितले. रावसाहेब उपरण्यानं नाक धरून वर उभे. निपाणीच्या बाजारात बैल घेताना असेच दात बघतात. पण बैल घेणारा निदान बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो.

मला ओकारी आली. रावसाहेब हसले. "साहेब, तो चमचा आता घरात घेऊ नका. तिलाच देऊन टाका. लग्नाचा आहेर."

साहेब फ्रान्सचा. रावसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे, ते मीही अंगण झाडताना ऐकलं होतं. पॅरिसच्या मोठ्या शाळेत शिकवतो. संस्कृत कोळून प्यालाय. मोठ्या लढाईत खंदकात होता. आता गावोगाव फिरून माणसं कशी बोलतात, जीभ कुठं लावतात, ते गोळा करतो. कोकणी ऐकायला कणकुंबीच्या रानात जाऊन आला. आता त्याला खालच्या लोकांची मराठी पाहिजे होती. तेवढ्यासाठी मी.

त्याचं मराठी पुस्तकातलं. मला म्हणाला, "आपण येथे बसावे."

आपण. मला. जन्मात पहिल्यांदा. मी इकडं तिकडं बघितलं, मागं कोण उभं आहे का.

रावसाहेबांनी त्याला समजावलं. "साहेब, हिला आपण म्हणत नाहीत. ए म्हणायचं. फार तर तू."

साहेबानं मान हलवली. ते लगेच लिहून घेतलं. आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "ए. बस."

शिकलेला माणूस किती पटकन शिकतो!

तरी मी त्याला वाईट समजले नाही. कारण आवाज भरायचं यंत्र मांडता मांडता तो आपलं सांगायला लागला. त्याच्या खेड्यात फ्रेंच नव्हे, दुसरीच बोली बोलायचे. शाळेत ती तोंडातून निघाली, की मास्तर पोराच्या गळ्यात पायातला लाकडी जोडा अडकवायचा. सगळी पोरं हसायची. "मी तो जोडा पुष्कळ दिवस वागवला," असं म्हणाला आणि गळ्याला हात लावला. मला वाटलं, ह्याला कळंल. ज्याच्या गळ्यात जोडा पडला, त्याला आपलं कळंल.

यंत्राला एक कर्णा होता, पितळेचा. त्यात तोंड घालून बोललं, की आवाज मेणाच्या नळकांड्यावर उठायचा. आदल्या दिवशी रावसाहेबांनी त्यात श्लोक म्हटले होते. आता त्याच कर्ण्यात माझं तोंड जाणार. बंगल्यात खल झाला. माझ्यासाठी रॉकेलच्या डब्याचा वेगळा कर्णा करून आणला. साहेब म्हणाला, ह्यात आवाज फाटतो. मग रावसाहेबांनी तोड काढली. हिचं झालं, की कर्णा गोमूत्रानं धुऊन घ्यायचा.

"ए, जा. मोरीतून करवंटीभर गोमूत्र घेऊन ये. ताजं आण."

मी आणलं. भिंतीबाहेर मोरीच्या तोंडाशी करवंटी धरून उभी राहिले. उग्र वास नाकात. हातावर शिंतोडे. आणि उभ्या उभ्या डोक्यात आलं. माझ्या तोंडानं कर्णा बाटणार. माझ्याच हातानं आणलेल्या मुतानं तो शुद्ध होणार. माझा हात तेव्हा चालतो. माझं तोंड चालत नाही. मला शिसारी आली. गाईच्या मुताची नव्हे.

करवंटी पायरीखाली ठेवून बसले. साहेबानं कर्णा माझ्या तोंडापुढं वळवला.

"काय म्हनू जी?"

रावसाहेब म्हणाले, "भाकर मागून दाखव. तुमची बाई संध्याकाळी टोपलं घेऊन दारात येते ना, तशी. वाढा वो माय. जरा काकुळतीनं. साहेबाला खरा सूर पाहिजे."

साहेबानं मान डोलावली. "हा आवाज पॅरिसला राहील. शंभर वर्षे. आपण... तू नसशील, तरी राहील."

तो हे चांगुलपणानं म्हणाला. तेच जास्त लागलं.

आता माझ्या आयचं सांगायला पाहिजे. गावकीच्या कामाच्या बदल्यात ती दिवे लागायला टोपलं घेऊन निघायची. दारोदार तेच. वाढा वो माय. वरून भाकर पडायची, शिळी, कधी बुरशी आलेली. टोपल्यात पडली तर आमची, बाहेर पडली तर कुत्र्याची. आय आजारी पडली तेव्हा टोपलं माझ्या डोक्यावर आलं. ज्या घरापुढं ओरडले, त्याच घरचं पोरगं माझ्या वर्गात. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ओट्याखाली बसायला आले, तर सगळा वर्ग एका सुरात, "वाढा वो माय!" मास्तरही हसले. माझी शाळा तिथं संपली. तिसरी.

पुढं निपाणीला आमच्या लोकांची सभा झाली. मागून खायचं सोडा, म्हणाले. आय पायी जाऊन ऐकून आली. आली ती टोपलं उचललं आणि कोंबड्यांवर पालथं घातलं. म्हणाली, "आता ह्याच्यात कोंबड्या ऱ्हात्याल." गावानं आम्हाला वाळीत टाकलं. काम बंद, दुकान बंद. आय उपाशी राहिली, पण ती हाळी पुन्हा दिली नाही. म्हणून तर मी पोटासाठी बेळगावात आले होते.

जी हाळी आयनं उपाशी राहून बंद केली, ती मी आता शंभर वर्षांसाठी देऊ?

काम डोळ्यांपुढं आलं. गंगव्वाची खोली आली. रावसाहेब म्हणाले, "अगं, लाजतेस काय? रक्तातच आहे तुमच्या. हं, म्हण."

मी कर्ण्यात तोंड घातलं.

"माजी आय भाकर मागत न्हाय. म्या बी मागत न्हाय. ह्या कर्ण्यावर आता गाईचं मूत वतनार हाईत. ते म्याच आनलंया. माज्या तोंडाचा इटाळ हुतो, माज्या हाताचा हुत न्हाय. पॅरिसच्या लोकानू, ह्येला काय म्हंत्यात, तुमी सांगा."

रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. आणि साहेब? साहेबाचे डोळे आनंदानं चमकत होते. "उत्तम! ते 'न्हाय' पुनः एकदा म्हण. फार सुंदर 'न्हाय' आहे!"

त्याला आवाज ऐकू आला. मी ऐकू आले नाही. रावसाहेबांची घाण मला लहानपणापासून माहीत होती. ही नवीन होती. ह्याच्या गळ्यात एकदा जोडा होता, आणि आता हा माझा जोडा मापतोय. किती लांब, किती रुंद, वाजतो कसा.

"पुसून टाका ते!" रावसाहेब ओरडले.

"नाही. नमुना फार चांगला आहे," साहेब म्हणाला. त्यानं नळकांडं कापसात गुंडाळून पेटीत ठेवलं. म्हणजे ते पॅरिसला असेल. नमुना म्हणून.

"चालती हो," रावसाहेब मला म्हणाले. "आणि ती करवंटी तिथंच ठेव."

मी करवंटी उचलली. मोरीपाशी गेले आणि जिथून आणलं तिथंच ओतलं.

"सुद्द व्हायचं आसंल, तर तुमचं तुमी आना."

रेल्वे फाटकापर्यंत ताठ आले. तिथं मात्र भीतीनं मटकन बसले. गंगव्वानं बघितलं. सगळं सांगितलं, अर्धं तिला कळलं नसेल. संध्याकाळी रावसाहेबांचा गडी निरोप घेऊन आला. त्या बाईला घरात ठेवलीस तर कपडे बंद. गंगव्वानं त्यांचे इस्त्री केलेले कपडे त्याच्या हातावर ठेवले. "सांग जा. पुढचं पायजे तर साहेबाकडून धुवून घ्या, म्हण."

मग तिनं चुलीपुढं पाट मांडला. स्वतःचं पितळी ताट घेतलं. त्यात भाकर ठेवली, टाकली नाही. म्हणाली, "उण्णव्वा." जेव गं बाई. मी मागितलं नव्हतं.

त्यानंतर टिळकवाडीतली आणखी घरं तिच्याकडून सुटली. तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

आता मी सोलापुरात गिरणीत आहे. अक्षर वाकडं येतं, पण माझं मी लिहिते. मागायला तोंड उघडलं नाही, उघडणार नाही. माझ्या पोरीला कुणी आ कर म्हणालं, तर ती चावंल, असं तिला शिकवलंय.

आणि गंगव्वा, तुझं राहिलंय. मी येणार. तुझ्या हातातली इस्त्री काढून घेणार, पाट मांडणार आणि माझ्या ताटात तुला वाढणार. तू तोंड उघडायच्या आधी.