सातव्या वेशीचा पहारेकरी

माझ्या शाळासोबत्याने मला फसवले. आम्ही दोघे मिळून एक गोष्ट लिहीत होतो. तिच्यात त्याने माझ्या बापाला फितूर ठरवले आणि ते वाक्य माझ्याच तोंडून माझ्या बापाला ऐकवले.

चौथीपर्यंत आम्ही एका तरटावर बसलो. तो पुढे शिकला आणि मास्तर झाला. मी डोक्यावर चादरींचे गठ्ठे घेऊन नातेपुत्याच्या बाजारापर्यंत हिंडलो आणि पंधरा वर्षांनी भवानी पेठेत स्वतःचे दुकान टाकले. मला कुणी काही दिलेले नाही. जे घेतले ते घासाघीस करून घेतले. म्हणून ठरलेला सौदा कुणी मोडला की माझे डोके फिरते, आणि ते लवकर ताळ्यावर येत नाही.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे एक हस्तलिखित मासिक होते. महिन्याला एकच प्रत. मास्तरचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून सगळे लिखाण शेवटी तोच उतरवून काढी. आतल्या पुठ्ठ्यावर सभासदांची यादी चिकटवलेली असे आणि त्या क्रमाने ती प्रत घरोघर फिरे, प्रत्येक घरी दोन दिवस. लेखकाचे नाव कुठल्याच मजकुरावर नसे. गावात मार्शल लॉ येऊन गेला होता. गांधीटोपी घातली म्हणून लोकांनी मार खाल्ला होता. इथले काही लिहायची सोय नव्हती, म्हणून मास्तरने एक ग्रह काढला.

मंगळाच्याही पलीकडे, जिथून आपला सूर्य बोराएवढा दिसतो, तिथे हा ग्रह. तिथल्या माणसांना चार हात. कान नाहीत, ती तळव्यांनी ऐकतात. दूरचे ऐकायचे तर जमिनीवर हात टेकतात. सगळ्या ग्रहावर एका म्हाताऱ्या बादशहाचे राज्य आणि त्याच्या धाकट्या भावाने बंड केलेले. निम्मे सुभे बंडाकडे, निम्मे बादशहाकडे. एक प्रकरण मास्तरने लिहायचे, एक मी, असे आळीपाळीने.

वाचनालयाच्या ओट्यावर बसून आम्ही तो ग्रह वाटून घेतला. बंडखोर त्याने आधीच स्वतःकडे ठेवले होते.

"तू राजनिष्ठ घे," तो म्हणाला.

"राजनिष्ठ कोण वाचणार? परवा त्या सरकारी किताबवाल्या रावसाहेबाच्या दारावर पोरांनी खडूनं तोच शब्द लिहिला. तो तीन दिवस घराबाहेर पडला नाही."

"म्हणूनच तुला देतोय. न खपणारा माल खपवण्यात तुझा हात कोण धरणार?"

"बरोबर काय देतोस?"

"राजधानी घे. सात वेशींची."

"आणि चंद्र?"

"चंद्र दोन्ही मला लागतात. माझे लोक रात्री कूच करतात."

मी चंद्रावर अडून बसलो. मला चंद्राचे काही करायचे नव्हते, पण समोरच्याला हवी असलेली वस्तू आधी धरून ठेवावी आणि मग सोडावी, ही माझी रीत. त्याने नियम लिहिला होता: एकाची माणसे दुसऱ्याने मारू नयेत. त्याच्यापुढे मी 'फितवू नयेत' हे दोन शब्द त्याच्याकडून लिहवून घेतले आणि दोन्ही चंद्र सोडून दिले. त्याला वाटले, स्वस्तात सुटलो. ते शब्द मी का मागितले हे त्याने विचारले, आणि तिथे मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. मी त्याला खरे कारण सांगितले.

माझा बाप, आमचा आबा, गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होता. मोठा संप झाला तेव्हा संपवाले त्याला म्हणाले, फाटक सोड. तो म्हणाला, मला हितं बसवलंय, बदली मानूस आला की उठंन. बदली माणूस कुठून येणार, सगळे संपात. आबा तिथेच बसून राहिला. दगड लागून त्याची भुवई फुटली. पुढे एका पहाटे बाहेरून आणलेली माणसे गिरणीत शिरली आणि संप मोडला. फाटकातली दिंडी, म्हणजे माणसापुरते लहान दार, कुणीतरी आतून उघडली होती. आबाची पाळी तेव्हा नव्हती, पण फाटक म्हटले की लोकांना आबाच दिसे. संप मिटल्यावर गिरणीच्या साहेबाने त्याला चाळीतली कौलारू खोली देऊ केली. आबाने ती घेतली नाही. घेतली तर लोक म्हणतील त्यासाठीच दार उघडले, एवढाच त्याचा हिशेब. आम्ही गळक्या पत्र्याखाली राहिलो. लोकांनी म्हणायचे ते म्हटलेच. खोलीची गोष्ट आबाला, आईला आणि मला ठाऊक होती. आई गेली. चौथा माणूस मी केला, ओट्यावर बसून.

एकदा भर पावसाळ्यात, अंथरूण तिसऱ्यांदा हलवताना, मी आबाला रागाने बोललो होतो, "खोली घेतली असती तरी लोक एवढंच बोलले असते. निदान कोरडं तरी झोपलो असतो." आबाने अंथरुणाचे दुसरे टोक धरले होते. हेही मी मास्तरला सांगितले.

तर राजनिष्ठ माझ्या वाट्याला आले. मास्तरच्या बंडखोरांकडे निशाणे होती, भाषणे होती, फासावर हसत जाणारी तरुण मुले होती. माझ्याकडे मुदपाकखान्यातले आचारी, दफ्तरातले कारकून, चारांपैकी एक हात तुटलेला एक म्हातारा सेनापती. बादशहाने त्यांचे फार भले केले होते असेही नाही. मग ही माणसे का राहिली, हे लिहिता लिहिता मलाच शोधावे लागले. कुणी राहिला कारण चुलीवर डाळ होती. कुणी राहिला कारण त्याच्या हाताखालच्या माणसांना सोडून जायला त्याला लाज वाटली. आणि सातव्या वेशीवर मी एक पहारेकरी बसवला. तो किल्ली कमरेला न लावता पागोट्याच्या शेवात बांधतो. ओळखीचा माणूस आला तरी "कोन हाय?" विचारल्याशिवाय कडी काढत नाही. त्याला बसवणारा अधिकारी केव्हाच बंडखोरांना मिळाला आहे, म्हणून त्याला उठवायला कुणी उरलेले नाही.

अमावास्येला माग बंद असत. त्या दुपारी माझ्या दुकानात दहा-बारा माणसे जमत आणि मी मासिक मोठ्याने वाचून दाखवी. बहुतेक विणकर, एक टांगेवाला आणि गठ्ठ्याला पाठ टेकून बसलेला आबा. आबाला वाचता येत नव्हते.

"शेठ, त्यो चार हातांचा एक गडी हिकडं पाठवाय सांगा की," एक विणकर म्हणे. "दोन माग येकटाच चालवंल."

"आनि जेवंल किती, त्ये बी इचार," टांगेवाला म्हणे.

पहारेकरी पहिल्यांदा आला तेव्हा आबाने पागोटे चाचपून पाहिले आणि तो हळूच म्हणाला, "ह्यो गडी वळखीचा दिसतोय." पुढच्या खेपेला विणकरच विचारू लागले, सातव्या वेशीचं काय झालं. ही माणसे संपात होती. दहा वर्षे ती आबाला धड रामराम घालत नव्हती. आता एक जण म्हणाला, "पटू न पटू, पर मानूस जाग्यावर हाय." आणि हे बोलताना तो गोष्टीकडे बघत नव्हता, आबाकडे बघत होता. त्या दिवशी त्याने जाताना आबाला तंबाखू दिली. आबाने ती घेतली. मी व्यापारात खूप काही मिळवले आहे, पण ती चिमूटभर तंबाखू मिळवायला मला चार अंक लागले होते.

मग मास्तरच्या पाळीचा अंक आला. त्याची प्रकरणे मी आधी कधी बघत नसे. इतरांबरोबरच ती कळण्यात मजा वाटे. मी वाचू लागलो. बंडखोर सातव्या वेशीपाशी येतात. दोन्ही चंद्र मावळतात. आत पहारेकरी बसलेला आहे. माझी नजर दोन ओळी पुढे गेली आणि मी थांबलो. मग मनाने जुळवून म्हणालो, "पहारेकऱ्याने कडीवर हात ठेवला आणि तो म्हणाला, माझ्या जिवात जीव आहे तोवर—"

"आसं न्हाय त्ये," तो तंबाखू देणारा विणकर म्हणाला. आज त्याने आबाला तंबाखू विचारली नव्हती हे माझ्या तेव्हा लक्षात आले. "माज्या मेव्हन्याच्या घरी कालच वाचलंय. लिवलंय तसं वाचा, शेठ."

"व्हय, खरं वाचा की," दुसरा म्हणाला.

आबा माझ्याकडे बघत होता. अंगावर आलेल्या गिऱ्हाइकाला मी एका वाक्यात गप्प करतो.  त्या दिवशी मी अंकात होते तसे वाचले. बंडखोरांनी पहारेकऱ्याला कौलारू घर देऊ केले. तो म्हणाला, आयुष्यभर गळक्या छपराखाली काढले, आता निदान कोरडे झोपू. आणि त्याने दिंडी उघडली.

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. आबाने काठी घेतली, वहाणा शोधल्या, आणि उंबऱ्यापाशी वळून विचारले, "ह्ये कुनी लिवलं?"

"मास्तरनं, आबा. माझं न्हाय हे."

"कौलाची खोली मास्तरला कुनी सांगितली?"

मी मासिक मिटले.

"कोरडं झोपायचं तर तूच म्हनला व्हतास," तो म्हणाला. "येवडं मनात व्हतं तर मला सांगायचं. म्हैनंम्हैनं वाचून कशाला दावायचं?"

मी मास्तरच्या घरी गेलो तेव्हा तो वह्या तपासत होता.

"अरे, गोष्ट आहे ती," तो म्हणाला. "बस. पाणी पी."

"फितवू नयेत. तुझ्याच अक्षरात आहे."

"लोक तुझ्या पहारेकऱ्यासाठी रडायला लागले होते. आजच्या दिवसात राजनिष्ठासाठी रडणं शोभतं का? माझी मुलं फासावर जातात आणि वाचक विचारतात, सातव्या वेशीचं काय झालं."

"मग वेस तोफेनं उडवायची होतीस. त्याला मारायचं होतंस. मी हरायला ना म्हटलं नसतं. राजधानी दिली असती, बादशहा दिला असता. त्यानं घर घेतलं नाही, हे तुला माहीत होतं."

"घेतलं नाही हे तू म्हणतोस," मास्तर म्हणाला. "गावात वेगळं बोलतात."

मी त्याची दौत भिंतीवर फेकली. डाग अजून आहे, असे ऐकतो. मासिक त्यानंतर दोन अंकांत बंद पडले. आबा पुन्हा दुकानात आला नाही. मी नवे कौलारू घर बांधले होते, त्यात राहायलाही आला नाही. नियमाचा कागद मी त्याला वाचून दाखवला, खरे काय ते सात वेळा सांगितले. दर वेळी तो "बरं" म्हणाला. दोन वर्षांनी तो त्याच पत्र्याखाली वारला. त्याने माझे ऐकले की नुसते ऐकून घेतले, हे मला कळलेले नाही.

आता मास्तरने ते पुस्तक छापले आहे. माझी प्रकरणे जशीच्या तशी आत आहेत आणि प्रस्तावनेत 'एका व्यापारी मित्राचे' आभार आहेत. शाळांतून ते मुलांना वाचायला देतात, फितुरीचे फळ काय मिळते हे समजावे म्हणून. मला आभार नकोत, माझी प्रकरणेही त्याने ठेवून घ्यावीत. मला एका प्रश्नाचे उत्तर पाहिजे, आणि ते माझ्या कानात नको. ज्या ओट्यावर सौदा झाला तिथे, त्या विणकरांना बोलावून, त्याने उभे राहून द्यावे. मास्तर, माझ्या बापाने खोली घेतली हे तुला कुणी सांगितले? ज्याने सांगितले त्याचे नाव घे. कुणी सांगितले नसेल, तर तू ते मनाने लिहिलेस असे म्हण. दोन्हीपैकी काय ते बोल, मी तिथे येऊन बसतो.