सशाला जागा दाखवताना

आमच्या घरी ससा आला तो वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या कृपेने. त्यांनी तो हौसेने पिंजऱ्यासकट विकत आणला, चार महिने त्याचे फोटो काढले, आणि बदली झाली तेव्हा सोफा, फ्रिज, कुंड्या, पायपुसणीसुद्धा टेम्पोत चढवून ससा तेवढा आमच्या दारात ठेवला. “काका, तुम्हाला आवडतो ना, म्हणून,” असं म्हणाले. माझ्या नवऱ्याला काहीतरी आवडतं ही बातमी मला अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कळली, आणि तीही परक्या माणसांकडून.

हे नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला तुकडा मापात बसतो का ते बघायचं, नाही बसला तर लाल खडूची फुली मारून बाजूला टाकायचा. तोच डोळा घेऊन माणूस घरी यायचा. भाजीतलं मीठ, शर्टाची इस्त्री, मुलाचं अक्षर, माझं माहेर, सगळ्यावर फुली. निवृत्त झाल्यावर फुल्या मारायला मी एकटीच उरले, आणि मी तर केव्हाच बाद झालेला माल. म्हणून ससा आला तेव्हा मला वाटलं, चला, आता या बिचाऱ्याची पाळी.

पहिल्या दिवशी ह्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. सशाने हॉलभर एक फेरी मारली, सोफ्यावर चढला, माझ्याकडे बघत बघत मुतला, आणि उतरून पांढऱ्या फरशीवर हरभऱ्याएवढ्या लेंड्यांची रांग सोडत दिवाणाखाली गेला. मी हाताची घडी घालून उभी राहिले. आता सशाचं काय होतं ते मला बघायचं होतं. हे गुडघ्यांवर बसले. सिलिंडर सरकवायचा म्हटलं की दुखतात, तेच हे गुडघे. वर्तमानपत्रावर एकेक लेंडी वेचली आणि दिवाणाखाली वाकून म्हणाले, “अरे राजा, असं नाही करायचं.”

राजा! आमच्या मुलाला ह्यांनी लहानपणी गाढव सोडून दुसऱ्या शब्दाने हाक मारलेली मला आठवत नाही.

मग संशोधन सुरू झालं. चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा निघाला. ससा जिथे जिथे घाण करेल तिथे टिंब. चार दिवसांत दिवाणाच्या पायापाशी टिंबांचं मोहोळ झालं तसे हे असे खुलले, जणू कारखान्यातला जुनाट बिघाडच सापडला. मी त्या कोपऱ्यात रोज फिनाईल ओतत होते आणि ससा रोज तिथेच जात होता. दोघंही आपापल्या कामाला चिकटून होतो. मग ह्यांनी सुताराकडून पोतंभर भुसा आणला आणि भांडी घासायच्या जुन्या टबात भरला. ससा त्यात बसून शिंकायला लागला. शिंकणारा ससा पाहिल्यावर ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला पाच वर्षांपूर्वी न्युमोनिया झाला होता, तेव्हा हे वर्ल्डकप बघत होते.

सशाला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. करमणूक म्हणून मीही गेले. बाई वयाने आमच्या मुलाएवढ्या, आणि हे त्यांच्यासमोर पहिलीतल्या पोरासारखे ताठ बसलेले. त्यांनी सांगितलं, भुसा फेकून द्या. ट्रेमध्ये कागद घाला, वर सुकं गवत. ससा खाता खाता शी करतो, म्हणून गवत तिथेच हवं. त्याने जो कोपरा निवडलाय तिथेच ट्रे ठेवा. मुताने भिजलेला कागद आणि दोन-चार लेंड्या ट्रेमध्ये राहू द्या, म्हणजे वासाने त्याला कळेल. बाकीच्या जागा व्हिनेगरने पुसा. सुरुवातीला थोडीच जागा द्या, तेवढी जमली की हळूहळू वाढवा. आणि त्याची नसबंदी करून घ्या, निम्मा त्रास तिथेच संपेल. हे ऐकून ह्यांचे कान लाल झाले.

“आणि काका, रागवायचं अजिबात नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कशासाठी रागावलात ते त्याला कळत नाही. त्याला फक्त तुमची भीती बसते, आणि घाबरला की तो आणखी करतो.”

हे मान डोलावत होते. एवढं मोठं ज्ञान आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखं. मला हसू येत होतं. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली पहिली काही पेठ तालुक्यात आणि पुढची नाशिकजवळच्या खेड्यांत. शाळेत आयांची ही तक्रार ठरलेलीच. “बाई, पोरगं आथरूण ओलं करतंय, लय मारलं, तरी नाय सुधरत.” आणि मी सांगायचे, मारू नका, ते मुद्दाम करत नाही. डॉक्टरीणबाईंनी जे सशाबद्दल सांगितलं, ते मी माणसांच्या पोरांबद्दल कित्येक आयांना सांगून बसले होते.

घरी आल्यावर जाळीचे तुकडे आले, ते प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून हॉलमध्ये एक कुंपण उभं राहिलं, आणि मी स्वयंपाकघरात जाण्यासाठी साडी सावरून त्यावरून ढांग टाकू लागले. “त्याला त्याची जागा दाखवायची आहे,” हे दिवसातून दहा वेळा म्हणत. हे वाक्य आमच्या घरात नवीन नव्हतं. पूर्वी “थांब, तुला तुझी जागाच दाखवतो” म्हटलं की पुढे दंड धरला जायचा. आता जागा दाखवणं म्हणजे ससा ट्रेमध्ये बसला की कोथिंबिरीची एक काडी देणं आणि नाही बसला तर ट्रे दोन बोटं डावीकडे सरकवणं. आठवडा कोरडा गेला की कुंपण एका फरशीने पुढे. “आज दिवाणापर्यंत दिलं हं त्याला,” असं हे मला येऊन सांगत. मी पोळ्या लाटत असे. ऐकून ऐकून माझ्या पोळ्या जाड होत.

एके सकाळी मी वैतागून म्हटलं, “अहो, मागच्या गॅलरीत ठेवा की त्याला. पाणी ओतलं की झालं.”

हे दचकलेच. “गॅलरीत? एकटं कोंडून? अगं, घाबरून जाईल ते. कोंडलं की त्याला वाटतं, आपण नकोसे झालो.”

मी बघत राहिले. आपल्या तोंडून काय निघतंय ते या माणसाला ऐकू येत नव्हतं का?

आमचा मुलगा तिसरीत जाईपर्यंत अंथरुणात करायचा. ज्या सकाळी गादी ओली सापडे, त्या सकाळी हे त्याला दंडाला धरून मागच्या गॅलरीत उभं करत, ओली चादर खांद्यावर टाकून, आणि आतून कडी लावत. समोरच्या इमारतीतली बिऱ्हाडं दात घासत बघत. कंपनीची बस सातला यायची. तोपर्यंत मूल तिथेच. हे बसमध्ये चढले की मी कडी काढायचे, त्याला आंघोळ घालायचे, दूध द्यायचे आणि माझ्याबरोबर माझ्याच शाळेत घेऊन जायचे. तो रडायचा नाही. गार पडलेल्या हातांनी माझी पर्स धरून चालायचा.

तीच ही गॅलरी, आणि सशाला तिथे एकटं वाटेल म्हणून हे हळवे होत होते. मला ह्यांची कीव आली नाही. किळस आली. पण मी काही बोलले नाही. माझा समज असा, की माझा तिरस्कार न बोलताही पुरेसा ऐकू येतो.

मुलगा पुण्याला असतो. लग्न झाल्यापासून तो सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो. आमच्याकडे मुक्काम त्याने एकदाही केला नाही. विचारलं की “उद्या काम आहे” म्हणतो, मग उद्या रविवार का असेना. या वेळी मात्र त्याच्या साडेचार वर्षांच्या मुलीने फोनवर ससा पाहिला आणि आजोबांकडे राहायचंच म्हणून भोकाड पसरलं. सूनबाईंना रजा नव्हती. तर तो म्हणाला, आम्ही दोघं शनिवारी येतो, राहतो. मी फोन ठेवला आणि कपाटातली नवी चादर काढून तिला दोनदा इस्त्री केली. त्याने या घरात एकदा झोपावं, एवढंच मला हवं होतं. बाकी काही मागायची माझी हिंमतही नव्हती.

शनिवारी ससा आज्ञाधारकपणाची परिसीमा करत होता. पोरीच्या डोळ्यांदेखत ट्रेमध्ये जाऊन बसला, गवत चावत चावत आपलं काम केलं आणि बाहेर आला. तिने टाळ्या वाजवल्या. ह्यांची छाती फुगली. मुलगा खुर्चीत बसून आपल्या बापाला गुडघ्यांवर रांगताना बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं.

दुपारी पोरगी कोकम सरबताचे दोन पेले पिऊन नव्या चादरीवर झोपली. तासाभराने तिचं रडू ऐकून मी आतल्या खोलीच्या दाराशी गेले. चादर ओली झाली होती. मुलगा आधीच उठून उभा होता. हे हॉलमधून येताना दिसले तसा तो पलंग आणि बाप यांच्या मध्ये जाऊन थांबला. पस्तिशीचा, केस विरळ झालेला माझा मुलगा, खांदे आवळून.

ह्यांच्या हातात टॉवेल होता आणि सवयीने उचललेली व्हिनेगरची बाटली. त्याच्या बाजूने वाकून हे पोरीला म्हणाले, “काही झालं नाही, राजा. नवीन घर आहे ना. जागा कळायला वेळ लागतो.”

“ससापण करायचा?” तिने विचारलं.

“करायचा की. सोफ्यावर.”

ती हसली. मुलाने तिचे कपडे बदलले आणि ती सशाकडे पळाली. खोलीत आम्ही तिघं राहिलो.

“बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?” मुलाने विचारलं.

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलं,” हे म्हणाले. “सशासाठी.” मग बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. “मला तेव्हा कुणी सांगितलं नाही रे. पण सांगावं का लागलं, तेही आहेच. चुकलं माझं.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी या माणसाला ज्या जागी उभं केलं होतं, तिथे तो आता स्वतःच्या पायांनी येऊन उभा होता. मुलाने मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला.

“आई, तू सांगायचं होतंस ना त्यांना.”

मी म्हटलं, “मी काय सांगणार? ह्यांच्यापुढे माझं कधी चाललंय?”

“शाळेत एक बाई आल्या होत्या, मुलाला घेऊन. तू त्यांना म्हणालीस, मारू नका, कोंडू नका, तो मुद्दाम करत नाही. मी पहिल्या बाकावर बसलो होतो.” त्याचा आवाज जराही चढला नव्हता. “मला वाटलं, आज घरी गेल्यावर तू बाबांनाही सांगशील. मी बरेच दिवस वाट बघितली.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत फुली नव्हती, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते मला सहन झालं नाही. मी पुढे होऊन ओली चादर ओढायला लागले. मुलाने ती माझ्या हातून काढून घेतली.

“राहू दे, आई, मी धुतो,” तो म्हणाला. “आणि आम्ही राहतोय आज. तिला ससा सोडवत नाहीये.”

मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.