आईचा आवाज
ड्रेसिंगच्या औषधाचा वास आला की मला भांडुपचं आमचं घर आठवतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज कायमचा गेला होता. धाकट्या भावाने तिचे जुने व्हॉइस मेसेज एआयला ऐकवून मोबाईलमध्ये तिचा आवाज तयार केला. तिने टाइप करायचं, मोबाईलने बोलायचं. बाबा वैतागले. "ती कशी बोलता, ता ह्या डबड्याक काय कळतला?" असं म्हणत ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला गेले. आईने अडखळत एकेक अक्षर दाबलं आणि खोलीत तिचीच हाक घुमली, "अवो, च्या निवता हां!" "इलंय गो," बाबा सवयीने ओरडले आणि ओल्या हातांनी धावत आत आले. आई पलंगावर बसली होती, गळ्याला पट्टी, ओठ मिटलेले. त्या ओठांकडे बघत बाबा दारातच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. आईने मोबाईल भावाला परत दिला. त्यानंतर, अगदी जाईपर्यंत, ती बाबांना टाळी वाजवूनच बोलवायची. तो आवाज अजून भावाकडे आहे. काहीही लिहिलं तरी बोलेल म्हणतो. काय लिहावं, तेच मला सुचत नाही.