अकरा पदार्थ बंद

माझी धाकटी बहीण चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासते. दिव्यासमोर काच धरायची, ओरखडा दिसला की बाजूला काढायची. वीस वर्षं हेच काम. तिला अर्धशिशी आहे. डोकं उठलं की दिवा सोसवत नाही. यंदा सुपरवायझरने बजावलं, ''असंच चाललं तर तुम्हाला पॅकिंगला टाकावं लागेल.''

मग घरच्यांनी तिचं खाणं ताब्यात घेतलं. स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला. मेव्हण्यांनी लिहिलं चॉकलेट, सासूबाईंनी दही, शेजारणीने केळी, जावेने चहा. जो येई तो भर घालून जाई. महिन्याभरात अकरा पदार्थ बंद झाले. वर दिराने आणलेली शक्तीची पावडर. तिच्यात काय आहे हे डब्यावरही लिहिलेलं नव्हतं. बहिणीने निमूटपणे सगळं पाळलं. आठवड्यातून एकदा उठणारं डोकं तीनदा उठू लागलं.

माझं डोकं वेगळ्या कारणाने फिरलं. मी तिला वही आखून दिली: काय खाल्लं, किती वाजता, डोकं कधी उठलं. महिन्याने वही आणि तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

''ही यादी कोणी केली?'' त्यांनी विचारलं.

''घरच्यांनी,'' बहीण म्हणाली.

''यांच्यापैकी डोकं कोणाचं दुखतं?''

चहा एकदम तोडल्यानेही डोकं दुखू शकतं, त्या म्हणाल्या. मॅग्नेशियमने काहींना उतार पडतो, तीन महिने घेऊन बघू; पावडर मात्र आजपासून बंद. मग वहीवर बोट ठेवलं. ''दुखण्याच्या बहुतेक दिवशी तुम्ही तीननंतर जेवलात. का?''

कारखान्यात हातातला ट्रे संपल्याशिवाय उठता येत नाही. आणि जेवणाच्या तोंडावर आलेला ट्रे नेमका तिच्यापुढे सरकवतात, कारण ती नाही म्हणत नाही. घरीही सगळ्यांचं उरकल्यावर तिचं ताट. पदार्थ बंद करणाऱ्या एकालाही हे दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी दर रविवारी तिच्याकडेच जेवतो.

सोमवारी एक वाजता सुपरवायझर ट्रे घेऊन आला. ''ताई, एवढा करून उठा.''

''जेवून करते.''

''पॅकिंगचं बोललो होतो, लक्षात आहे ना?''

''आहे. तिथे तरी वेळेवर जेवू देता का?''

तो ट्रे धरून उभाच राहिला. तिने डबा उघडला. हे तिने मला तिथूनच फोनवर सांगितलं, तोंडातला घास चावत.