नारळ आणि वॉरंट

"नवऱ्याचा मार खाल्लेली ती कोण?"

काजू फॅक्टरीच्या दारात उभं राहून हवालदाराने मोठ्याने विचारलं. आम्ही चाळीसेक बाया काजू फोडत होतो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाव घ्यायची गरजच पडली नाही.

"वॉरंट आहे. चल."

बोटांचा काळा चीकसुद्धा धुऊ दिला नाही.

गुन्हा काय माझा? साक्षीला गेले नव्हते. नवरा मुंबईहून शिमग्याला आला तेव्हा त्याने लाकडाने माझा हात मोडला. सरकारी दवाखान्यातून पोलिसांना कळलं, मी जबाब दिला, केस झाली. मी भावाकडे राहायला आले. कामावर खाडा करून तीन तारखांना कोर्टात गेले. तिन्ही वेळा कुणीतरी गैरहजर. चौथ्या तारखेच्या आधी भावाच्या वाडीची गावकी, म्हणजे जातीतली पंचायत, देवळात बसली. नवऱ्याचा मामा त्याच गावकीतला मानकरी.

"देवापुढं नारल ठेव आन बोल, कोर्टात त्वांड उगडनार न्हाय," गावकार म्हणाला. "न्हायतर तुज्या भावाला वालीत टाकू."

वाळीत म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. भाऊ हळूच म्हणाला, "बाय, माज्या पोरांचा इचार कर." मी नारळ ठेवला आणि चौथ्या तारखेला कोर्टात गेलेच नाही. त्याची चीड मला अजून येते, गावकीपेक्षा स्वतःची जास्त.

ठाण्यात सांगितलं, जामीनदार आण, मग घरी जा. भाऊ फोन उचलेना. संध्याकाळपर्यंत मी बाकावर. नवरा केव्हाचाच जामिनावर सुटलेला, सावर्ड्याच्या बाजारात मोकळा फिरत होता. हात त्याने मोडला आणि ठाण्यात बसले मी! शेवटी माझ्या शेजारी बसून काजू फोडणारी बाई जामीन राहिली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. जिन्यात सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "शब्द फिरवलास तर तूच अडकशील." बाहेर मामा बसलेला. नुसता बघत होता. मी मान फिरवून आत गेले. रागाने. भीतीनेही, खोटं कशाला बोलू?

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

इतक्या दिवसांत मला कुणी विचारलेला हा पहिला धड प्रश्न.

"हाय. गावकी बोलते गप ऱ्हा. पोलीस बोलतात बोल. माला बोलायचा हाय का, ह्या कुनी इचारलाच न्हाय."

"बोलायचं आहे?"

"व्हय. पन आदी ह्या लिवून घ्या. नारल लिवा. काल दिसभर बसवला त्या पन लिवा."

त्यांनी लिहून घेतलं. मग मी लाकडापासून सगळं सांगितलं.

भावाला वाळीत टाकलं. तो माझ्याशी बोलत नाही. मी फॅक्टरीजवळ खोली घेऊन राहते. त्याच्या पोरांसाठी जीव तुटतो. तरी सांगितल्याचा पस्तावा नाही.

फॅक्टरीतल्या बाया विचारतात, मार खाल्लेल्या बाईवर साक्षीची सक्ती करावी का? मी म्हणते, नको. तिला गप्प बसवणाऱ्यांवर करा. त्यांना आधी पिंजऱ्यात उभं करा, मग बाई आपली आपण बोलेल.

गावकीविरुद्ध मी तक्रार दिली आहे. साक्षीदार मीच. समन्स यायची वाट मी बघणार नाही.