समोरून येताना

शेजारच्या मोहनरावांनी हिवाळाभर खपून बनवलेलं विमान आज सकाळी मैदानावर उडवलं. दूर जाताना ते शहाण्यासारखं गेलं. मग आमच्याकडे वळलं, जरा डावीकडे कललं, तशी मोहनरावांनी घाईनं रिमोटची काठी उजवीकडे ढकलली. विमान आणखीच कललं आणि गवतात नाक खुपसून पडलं.

"समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं हो," तुकडे वेचत ते म्हणाले. "माहीत असतं, पण बोटं ऐकत नाहीत."

"मग करायचं काय?"

"जो पंख खाली गेलाय, त्याच बाजूला काठी ढकलायची. टेकू दिल्यासारखी."

घरी आलो. मुलगी कालच सुट्टीवर आली आहे. ती दूर असते तेव्हा फोनवर आमचं छान जमतं. समोर आली की माझं काळजीचं बोलणंही तिला टोचतं. दुपारी "फार बारीक झालीस" म्हणालो, तर ती ताटावरून उठली.

आता ती खिडकीशी पाठमोरी उभी आहे. टेकू द्यायला मी कधीचा तयार आहे. पण कुठला पंख खाली गेलाय, तेच मला दिसत नाही.