घराकडच्या बांधीतला करगा

"बोचक्याले हात नको लावू वच्छला. माह्यं हाये ते, तुह्या बापाचं नोहे."

"मंग सोडून दाखव ना बाईले. लपवून कायले रायली?"

"लपवून नाई, बांधून ठेवलं हाये. लपवाचं असतं तं तुले दिसलं असतं का?"

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी, दुपारची पेज पिऊन झाल्यावर, ईश्वरदासच्या घराकडच्या बांधीच्या धुऱ्यावर शामकला आणि वच्छलाचं हे बोलणं चाललं होतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सालेकशाच्या अलीकडचं गाव, धानाच्या पाचसात बांध्या, म्हणजे चहूबाजूंनी मातीचे धुरे घातलेली शेतं, धुऱ्यावर तूर, एक बैलजोडी, घरचं बी, घरचंच शेणखत. एवढी शेती ईश्वरदास आणि त्याची बायको अनुसयाबाई घरच्या हातांनी ओढत. रोवणी, निंदण आणि कापणी एवढ्यांपुरत्या बाया लावत. त्यांत गावातली वच्छला होती, आणि चिचगडकडून येणारी शामकला.

शामकला आषाढात यायची ती धान खळ्यावरून घरात गेल्यावरच परतायची. उन्हाळ्यात तिकडे मोहफुलं आणि तेंदूपानं, पावसाळ्यात इकडे चिखल. नवरा रेल्वेच्या कामावर म्हणून गेला होता. गाडी गेली तशी परत येते, हा येत नाही, एवढंच ती त्याच्याबद्दल सांगायची. ईश्वरदासच्या कोठ्यात बैलांच्या पलीकडचा एक कोपरा तिचा. तिथं विळा उशाखाली, बोचकं पोटाशी. बोचक्याला गाठ अशी मारायची की दुसऱ्याने सोडली तर तिला कळावी. वर चुलीतली राख भुरभुरायची, कोणाचं बोट लागलं तर उमटावं म्हणून. पेज वाढली तर आधी घरातल्यांच्या वाटीकडे बघायची, तिच्यापेक्षा दाट आहे का. बाया तिला हसायच्या. तिचं काही अडत नसे.

त्या साली मात्र हसण्यावारी जाणारी गोष्ट नव्हती. घराकडच्या बांधीत करगा माजला होता. करगा म्हणजे जंगली धान. लहानपणी धानासारखाच दिसतो, वाढला की बुडाशी लाल झाक मारतो आणि कापणीच्या आधीच दाणा चिखलात सांडून मोकळा होतो. पुढच्या साली पुन्हा हजर. बाकीच्या बांध्या स्वच्छ, आणि हीच एक तीन सालांपासून बिघडत चाललेली. शामकलाही त्याच्या आदल्या सालापासूनच येत होती.

"करगा वाढला का निंदनाचे दिवस वाढते," वच्छला म्हणाली. "दिवस वाढले का इचं इथलं खानं वाढते. तुमीच इचार करा बाई. सकारी ही धुऱ्यावर गाठ सोडून काहीतरी पाहून रायली होती. हातात लाल कुसाचे दाने होते. मी माह्या डोऱ्यानं पायलं."

अनुसयाबाईने तो विचार आधीच करून ठेवला होता. फक्त दुसऱ्याच्या तोंडून यायची वाट होती.

"शामकला, गाठ सोड."

"नाई सोडत जी."

"काऊन?"

"आज तुमी पाहान, उद्या वच्छला पाहीन, परवा माह्यं बोचकं गावाचं होईन."

धुऱ्यावर तूर न्याहाळत फिरणारा ईश्वरदास तिथवर आला. मोजकं बोलणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडत नसशीन तं कापनीले येऊ नको."

कापणीच्या मजुरीचं धान हातचं गेलं तर शामकलाला मोहफुलं पडेपर्यंत काय खावं हा प्रश्न होता. रोवणीचं कापणी येईस्तोवर संपायचं. कापणीचंच घरी जायचं आणि तेच पुरायचं.  ती खाली बसली आणि राख झटकून गाठ सोडली. आत एक लुगडं, मिठाची पुडी आणि पळसाच्या पानात बांधलेलं मूठ-दोन मूठ धान. बारीक दाणा, टोकाला केसासारखं लांब लाल कूस.

"पाहा," वच्छला म्हणाली. "करगा."

"करगा तुह्या घरी. हे देवधान हाये. पंचमीचं. बाईनंच मांगतलं होतं."

आता अनुसयाबाईची पंचाईत झाली. मागितलं होतं हे खरं. ऋषिपंचमीच्या उपवासाला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगराविना उगवलेलं लागतं, म्हणून बोडीतलं, तळ्यातलं देवधान. पूर्वी ती त्याचा कांडलेला तांदूळ बाजारातून आणायची. शामकला येऊ लागल्यापासून तिच्या गावच्या बोडीतलं धानच मिळायचं, आणि अनुसयाबाई ते घरी कांडायची.

"आषाढातच काऊन नाई देलं मंग?"

"आधी देलं असतं तं पंचमीले तुमी म्हनल्या असत्या, उंदरानं खाल्लं, आनखी आन."

ईश्वरदासने पानातला एक दाणा उचलला. बांधीतला एक करगा लवकर निसवला होता, त्याची लोंबी तोडून दाणा शेजारी धरला. तोच आकार, तेच लाल कूस. त्याने दोन्ही बायकोच्या हातावर ठेवले.

"दिसते सारखं," अनुसयाबाई म्हणाली, "पन हे ऋषीचं हाये."

"ऋषीचं असो का कोनाचं. आनते तं हीच ना. पंचमी झाली का घरी जाय शामकला."

शामकलाने गाठ पुन्हा मारली, आधीपेक्षा घट्ट. देवधान तेवढं बाईच्या हवाली केलं.

सकाळी अनुसयाबाई आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, न्हाऊन, उखळापाशी बसली. शामकलाला निघायचं होतं, पण ती जाईना. आपलं धान आहे, बाई अर्धं बाजूला काढेल आणि कमी भरलं म्हणेल, हा संशय. म्हणून ती कोठ्याच्या दारातून टक लावून बघत बसली.

बाईने काहीच बाजूला काढलं नाही. मुसळाबरोबर दाणे उडत होते, काही न फुटता अंगणात पडत होते. जमिनीवर पडलेलं उपवासाला चालत नाही. ऋषीचं म्हणून पायदळी येऊ द्यायचं नाही, चुलीत घालायचं नाही, आणि बैलाशी या अन्नाचा संबंध नको म्हणून गुरांनाही नाही. अनुसयाबाईने ते झाडून सुपात घेतलं, वर पाखडलेला कोंडा ओतला, आणि कपाळाला हात लावून सगळं खताच्या खड्ड्यात टाकलं.

शामकला खड्ड्यापाशी गेली. वाकून बघितलं. शेणावर लाल कूस दिसत होतं.

"बाई, या गड्ड्याचं खत कोनत्या बांधीत जाते?"

"घराकडच्या. जवर पडते ना."

बोलता बोलताच अनुसयाबाईचा आवाज खाली गेला. ईश्वरदास बैल सोडत होता, तो तसाच थांबला. खड्ड्यात बघितलं, बांधीकडे बघितलं.

"आनलं इनं," तो म्हणाला, "फेकलं तुनं. आन आमी दोस देऊन रायलो इलेच."

"तुमी नाई," शामकला म्हणाली, "वच्छला."

अनुसयाबाईने कबूल काही केलं नाही. वरचं शेण हाताने उकरून दाण्यांसकट पानांच्या द्रोणात भरलं आणि शामकलापुढे धरलं. "गावाखालच्या नाल्यात सोडून ये. वाहत जाईन."

"मी नाई नेत."

"काऊन वो?"

"हातात करगा घेऊन बांधीच्या धुऱ्यानं जाऊ? वच्छला पाहून रायलीच असन. तुमीच चाला संग. द्रोन तुमच्या हातात."

उपाशीपोटी अनुसयाबाई द्रोण घेऊन पुढे आणि शामकला मागे, अशा दोघी नाल्यावर गेल्या. द्रोण वाहून जाईपर्यंत शामकला काठावरून हलली नाही. अडकतो का, हे तिला बघायचं होतं.

परत येताना धुऱ्यावर ईश्वरदास भेटला. "कापनीले राह्य," म्हणाला. "आन पेज पिऊन घे, दाट केली हाये आज."

आज दाट काऊन, असं शामकलाच्या मनात आलं. ती पेजेकडे गेलीच नाही. बोचकं धुऱ्यावर आपल्याला दिसेल असं ठेवलं, लुगडं खोचलं आणि बांधीत उतरली. वच्छला दोन हातांवर निंदत होती. शामकलाने तिच्याकडे न बघता पहिल्या बुडाला हात घातला, लाल झाक बघितली, आणि उपटलं.